दोन कुलुपांचं पाळणाघर

पाळणाघर काढायला एक खोली लागते, एक बाई लागते आणि थोडी मुलं लागतात, असं बायकोचं मत होतं. जोखीमरावांना हे मत नुसतं ऐकूनच घाम फुटला.

जोखीमराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते विमा कंपनीत होते. बेकरी असो, दवाखाना असो, छापखाना असो की तेलाचं गोदाम असो, तिथे जायचं, काय पेटेल, काय कोसळेल, काय गळेल आणि काय चोरीला जाईल हे बघायचं आणि तसा अहवाल द्यायचा, हे त्यांचं काम. ते काम ते इतक्या निष्ठेने करत की ऑफिसातल्या मंडळींनी त्यांना हे नाव ठेवलं. ते गल्लीपर्यंत कसं पोचलं हे त्यांना कधीच कळलं नाही, पण संशय बायकोवर होता. प्रत्येक धोक्याला दोन गुण द्यायचे: घडण्याची शक्यता किती आणि घडलं तर फटका किती. दोन्हींचा गुणाकार करायचा आणि आकडा मोठा आला की तक्त्यातल्या त्या चौकटीत लाल रंग भरायचा, अशी त्यांची पद्धत. ऑफिसात तीच आणि घरातही तीच. न्हाणीघरातला साबण लाल होता. गॅसची शेगडी लाल होती. वरच्या मजल्यावरच्या काकांचे सल्ले पिवळे होते. सासूबाईंचा मुक्काम कुठल्या रंगात मोडतो ते मात्र त्यांनी आजवर कोणाला दाखवलेलं नाही, आणि संसार टिकलाय तो त्यामुळेच.

घराला लागून गाडी ठेवायची एक खोली होती. गाडी कधी आली नाही, कारण गाडी लाल होती, म्हणजे तक्त्यात. तीच खोली बायकोने रिकामी करून घेतली, स्वतः रंगवली, खाली मऊ चटया अंथरल्या, भिंतीला बुटकी कपाटं लावली आणि बुटक्या खुर्च्या आणून मांडल्या. नात्यातली निम्मी पोरं तिच्याच हातावर वाढलेली. आपलं असं काहीतरी असावं, हे तिच्या मनात कितीतरी वर्षं होतं, आणि पोरांच्या परीक्षा, दुखणी, पाहुणे यांत ते भिजत पडलं होतं. आता गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या नर्सबाईंनी येऊन विचारलं. त्यांचं बाळ लहान, बाळंतपणाची रजा पहिल्या तारखेला संपणार. सांभाळणारं कोणी मिळालं नाही तर बाळाला दूर आजीकडे ठेवायचं आणि आठवड्यातून एकदा जाऊन बघायचं, एवढाच मार्ग उरला होता. हे सांगताना नर्सबाईंचा आवाज चिरकला आणि बायकोने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "पहिल्या तारखेला बाळ माझ्याकडे. मी शब्द देते."

"शब्द दिलास?" जोखीमरावांनी रात्री जेवताना विचारलं. "मला न विचारता?"

"तुम्हाला विचारलं असतं तर बाळ कॉलेजात गेलं असतं," बायको म्हणाली आणि त्यांना भात वाढला.

पाळणाघराला परवानगी लागते ती एका खात्याची. बालकल्याणवाल्यांकडे अर्ज द्यायचा, त्यांच्या बाई येऊन बघून जातात, झालं. बायकोने अर्ज देऊन टाकला होता. हे ऐकून जोखीमरावांच्या हातातला घास हातातच राहिला.

"फक्त बालकल्याण? आणि आगीचं काय? चोरीचं काय? विजेचं काय?"

"अहो, दाराला कडी आहे. उंचावर लावते. विजेच्या बोर्डावर झाकण बसवते. बादलीभर पाणी ठेवते. झालं."

"अगं, कडी म्हणजे काही धोरण आहे का?"

इथे जोखीमरावांचा सिद्धांत सांगायला हवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं. त्यांच्या मते जगातले सगळे अपघात एकाच कारणाने होतात: आगवाला आगच बघतो, चोरवाला चोरच बघतो, वीजवाला वीजच बघतो, आणि सगळं मिळून कोणीच बघत नाही. त्यावर उपाय एकच, समन्वय. या विषयावर त्यांनी ऑफिसात एकदा भाषणही केलं होतं. भाषण संपल्यावर चहा होता, त्यामुळे टाळ्या भरपूर पडल्या, आणि त्या टाळ्या आपल्याला होत्या असा त्यांचा आजतागायत समज आहे.

तर जोखीमरावांनी आपण होऊन तीन खात्यांना पत्रं लिहिली. आमच्याकडे या, तपासा, काय धोका आहे तो सांगा. कोणी मागितलं नसताना, कोणी नोटीस दिली नसताना, एक धडधाकट माणूस सरकारी खात्यांना स्वतःहून घरी बोलावतोय, असा प्रकार त्या खात्यांनी बहुधा आयुष्यात पाहिला नसावा. एरवी नळ फुटला तरी महिना महिना न फिरकणारी मंडळी धावत आली.

पहिला आला अग्निशमनवाला. अंगाने दांडगा, आवाज पहाडी, आणि बोलताना समोरचा माणूस तिसऱ्या मजल्यावर अडकलाय असं समजून बोलायची सवय. त्याने दार उघडून बघितलं, लावून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, आग लागली की पहिली वीज जाते. अंधार, धूर, घबराट. कडीबिडी कोणाला दिसत नाही. दाराला असं कुलूप पाहिजे की वीज गेली रे गेली की आपोआप सुटलं पाहिजे!"

जोखीमरावांना एकदम पटलं. त्यांनी टिपून घेतलं.

दुसरा आला सुरक्षावाला. हा बारीक, हळू आवाजात बोलणारा, आणि बोलायच्या आधी मागे वळून बघणारा. त्याच्या खात्याचं काम घरफोड्या, पळवापळवी आणि घुसखोरी होऊ नये हे बघणं. त्याने दाराकडे अशा नजरेने पाहिलं, जणू दार आधीच चोरांना सामील आहे. "चोर पहिल्यांदा काय करतो?" त्याने कुजबुजत विचारलं. "वीज तोडतो. आत लहान मुलं. तुमच्या दाराला असं कुलूप पाहिजे की वीज गेली की आपोआप लागलं पाहिजे."

"पण अग्निशमनवाले म्हणतात सुटलं पाहिजे."

"असतील म्हणत. माझ्या खात्यात आग लागत नाही."

जोखीमराव तसेच उठून अग्निशमनच्या कचेरीत गेले. तिथे त्यांना तितक्याच ठामपणे सांगण्यात आलं, की आमच्या खात्यात चोर येत नाहीत.

तिसरा वीजनिरीक्षक. याला दाराशी कर्तव्य नव्हतं. त्याने एवढंच सांगितलं की विजेचा बोर्ड मुलांच्या आवाक्यात नको, तो खोलीच्या बाहेर, बोळात घ्या. जोखीमरावांनी बोर्ड बाहेर घेतला. इतका सरळ माणूस सरकारात आहे याचं त्यांना त्या दिवशी फार कौतुक वाटलं.

मग गल्ली पुढे सरसावली. समोरच्या वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं ऐकत असत, आणि जे ऐकू येत नसे ते येऊन विचारत. त्यांनी तोडगा काढला, "एवढा वाद कशाला? दारच काढून टाका की!" वरच्या मजल्यावरचे काका कोषागारात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांना जगातल्या कुठल्याही अडचणीत तिजोरी दिसते. "आमच्याकडे तिजोरीला दोन किल्ल्या असायच्या, दोन माणसांकडे," ते म्हणाले. "एकट्याला तिजोरी उघडताच येत नसे. माझ्या सबंध नोकरीत काही गेलं नाही." कोषागारातल्या तिजोरीत कोणी बाळ ठेवत नसे, हे बायकोने त्यांच्या लक्षात आणून दिलं, पण काकांना ते गौण वाटलं.

पहिली तारीख जवळ येत होती. नर्सबाई रोज कामावरून जाताना... कामावर कुठल्या, रजेवरच होत्या त्या, बाळाला फिरवायला म्हणून निघत आणि खोलीपाशी रेंगाळत. "होईल ना हो?" एवढंच विचारत. बायको म्हणे, "होईल म्हणजे काय, झालंच आहे." आणि घरात आली की जोखीमरावांकडे नुसती बघे. तिचं ते बघणं त्यांनी कधीच तक्त्यात घेतलं नव्हतं.

आणि मग एका रविवारी, दाढी करताना, जोखीमरावांना उत्तर सापडलं. गालाला साबण तसाच ठेवून ते बाहेर आले. "दोन कुलुपं!" ते म्हणाले.

म्हणजे असं. एक कुलूप चुंबकाचं. वीज आहे तोवर ते दार धरून ठेवणार, वीज गेली की सोडणार. अग्निशमनवाला खूश. दुसरं कुलूप अडसराचं. वीज आहे तोवर तो अडसर आत ओढलेला, वीज गेली की खाडकन बाहेर येऊन दार पकडणार. सुरक्षावाला खूश. दोघांच्याही अटी अक्षरशः पाळल्या गेल्या. वीज असताना ये-जा करायला आत-बाहेर एकेक हिरवं बटण, उंचावर.

बायकोने हे शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे वीज असली की पहिल्याने बंद, आणि वीज गेली की दुसऱ्याने बंद," ती म्हणाली. "मग दार उघडणार कधी?"

"बटण दाबल्यावर."

"आणि वीज गेल्यावर बटण चालतं?"

जोखीमराव किंचित थांबले. पण समन्वयाच्या आनंदात असलेल्या माणसाला थांबवणं सोपं नसतं. "त्यासाठी खिडकी आहे," ते म्हणाले. खिडकीला गज होते. त्या गजांना बिजागऱ्या लावायच्या आणि आतून कुलूप घालायचं. किल्ली आत ठेवली तर मुलं तोंडात घालतील. बाहेर टांगली तर चोर नेईल. तेव्हा किल्ली वरच्या काकांकडे. काका सदासर्वदा घरीच असतात, आणि दोन माणसांचं त्यांचं तत्त्वही सांभाळलं जातं.

कुलूपवाला दोन्ही कुलुपं घेऊन आला आणि दाराकडे बघत उभा राहिला. "दोन्ही एकाच दाराला?"

"एकाच."

"लावतो की. मला काय, दोन्ही दुकानात पडूनच होती," तो म्हणाला आणि कामाला लागला.

बालकल्याणच्या बाई ज्या दुपारी येणार होत्या, त्याच दुपारी जोखीमरावांनी बाकीच्या तिन्ही खात्यांनाही बोलावलं. संयुक्त तपासणी. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, तक्त्याची फाइल काखेत मारली आणि दाराशी उभे राहिले. बालकल्याणच्या बाई वयस्कर, चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आत येऊन एकदा चौफेर पाहिलं, एका बुटक्या खुर्चीवर बसल्या आणि विचारलं, "हे बाकीचे कोण?"

"समन्वय," जोखीमराव म्हणाले.

बाईंनी चष्मा पुसला.

प्रात्यक्षिक असं ठरलं: वीजनिरीक्षक बाहेर बोर्डापाशी. बाकी सगळे आत. दार लावून घ्यायचं, वीज तोडायची, कुलुपं तपासायची, वीज जोडायची आणि चहा घ्यायचा. बायको म्हणाली, "दार लावायचं कशाला? उघडं ठेवूनही कळेल." पण दार उघडं ठेवून केलेली तपासणी ही तपासणीच नव्हे, यावर तिन्ही पुरुषांचं एकमत झालं.

"तोडा!" जोखीमराव ओरडले.

पंखा थांबला. चुंबकाने दार सोडल्याचा बारीकसा आवाज झाला. "सुटलं! पास!" अग्निशमनवाला गरजला. लगेच अडसर खाडकन बाहेर आला. "लागलं. पास," सुरक्षावाला कुजबुजला. जोखीमरावांना त्या क्षणी जो आनंद झाला तो त्यांना लग्नातही झाला नव्हता, आणि हे त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. बायको शेजारीच उभी होती.

"आता जोडा!"

पंखा फिरला नाही.

"अहो, जोडा!"

बोळात चिमण्या चिवचिवत होत्या. थोड्या वेळाने लांबवर एक स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि तोही विरला. जोखीमरावांनी वीजनिरीक्षकाला फोन लावला. पलीकडून रहदारी ऐकू येत होती.

"झालं की माझं काम," वीजनिरीक्षक म्हणाला. "बोर्डाच्या झाकणावर धोक्याची खूण नाही तुमच्या. पुरवठा बंद करून सील लावलंय. नोटीस दाराच्या बाहेर चिकटवलीय."

"पण आम्ही आत अडकलोय!"

"नोटीस वाचता येत नाही म्हणता? मग मुदतीत लेखी हरकत घ्या."

"अहो, हरकत काय घ्या! दार उघडत नाही! माणसं अडकली आहेत!"

"माणसं अडकणं माझ्या खात्यात येत नाही, साहेब. ते अग्निशमनकडे."

"अग्निशमन माझ्या शेजारी उभं आहे!" जोखीमराव किंचाळले.

"मग उत्तमच," वीजनिरीक्षक म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

सगळ्यांनी अग्निशमनवाल्याकडे पाहिलं. तो गोरामोरा झाला. "तुमची गाडी बोलवा की," सुरक्षावाला म्हणाला. अग्निशमनवाल्याने मान हलवली. नुकतंच त्याने आपल्या सगळ्या जवानांना उभं करून सुनावलं होतं की बाहेर पडायचा रस्ता आधी पाहून ठेवल्याशिवाय जो कुठे आत शिरतो तो गाढव. आता त्याच जवानांनी येऊन शिडी लावावी आणि त्याला गजांमागे बघावं, हे त्याला मरणाहून वाईट वाटत होतं. त्यापेक्षा त्याने दाराला खांदा दिला. दार हललं नाही, खांदा मात्र हलला.

"उगाच त्रास घेऊ नका," सुरक्षावाला म्हणाला. "मी स्वतः तपासलंय. हे दार तुटत नाही." त्याच्या आवाजात अभिमान होता आणि थोड्याच वेळात त्यात रडू मिसळलं.

आता भिस्त वरच्या काकांवर. सगळ्यांनी मिळून हाका मारल्या. खिडकीशी उगवल्या त्या समोरच्या वहिनी. "काका? ते दाताच्या डॉक्टरकडे गेले," त्या म्हणाल्या. सदासर्वदा घरी असणाऱ्या काकांना नेमकी आजच अक्कलदाढ काढायची होती. "मी तेव्हाच म्हटलं होतं, दारच काढून टाका. पण बायकांचं ऐकतंय कोण?" कुठला डॉक्टर, तो दाढा कशा उपटतो आणि त्याच्याऐवजी कोणाकडे जायला हवं होतं, हे सगळं सांगून झाल्यावर वहिनी काकांना आणायला निघाल्या. चालत.

खोली तापायला लागली. अग्निशमनवाला घामाने डबडबला. त्याचा श्वास जोरात चालू लागला, आणि एवढा दांडगा माणूस भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसला. आयुष्यभर लोकांना बंद खोल्यांतून काढलं होतं, पण बंद खोलीचीच त्याला लहानपणापासून भीती वाटे, हे त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. सुरक्षावाला मोठ्या आवाजात म्हणाला, म्हणजे त्याच्या मानाने मोठ्या, की हे सगळं त्या सुटणाऱ्या कुलुपामुळे झालं. अग्निशमनवाला बसल्या जागेवरून म्हणाला, लागणाऱ्या कुलुपामुळे. जोखीमराव फाइल उघडून दोघांना समजावू लागले की तक्त्याप्रमाणे दोघंही बरोबर आहेत, त्याबरोबर दोघंही त्यांच्यावर तुटून पडले.

तेव्हा बायको उठली.

तिने सुरक्षावाल्याचा दंड धरला आणि त्याला एका कोपऱ्यात नेऊन बसवलं. "तुम्ही इथे. ते तिथे. आधी दोघांनी पाणी प्यायचं, मग बोलायचं." आवाज चढलेला नव्हता, पण दोघंही पाणी प्यायले. अग्निशमनवाल्याला तिने खिडकीखाली आणलं, त्याचे बूट काढायला लावले, रुमाल भिजवून मानेवर ठेवला आणि त्याच्याशी गप्पा सुरू केल्या. घरी कोण कोण आहे? मुलगी केवढी आहे? भात खाते का त्रास देते? मुलीचं बोलता बोलता त्याचा श्वास खाली आला. मुलांसाठी आणलेल्या डब्यातली बिस्किटं तिने सगळ्यांना वाटली. सुरक्षावाल्याने आपलं बिस्किट लहान आहे अशी तक्रार केली, ती तिने दुसरं देऊन मिटवली. थोड्या वेळाने तो चटईवर आडवा झाला आणि झोपून गेला. झोपेत तो मागे वळून बघत नव्हता.

"हवा लागत नाहीये यांना," बायको अग्निशमनवाल्याकडे बघत म्हणाली. "अहो, ती फाइल द्या जरा."

"कुठली फाइल?"

"तीच. आणि तुम्ही नुसते उभे राहू नका. बसा बघू."

जोखीमराव बसले. गाडी ठेवायच्या खोलीत, बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले, आणि समोर त्यांची बायको त्यांच्या आयुष्यभराच्या पद्धतीच्या फाइलने एका परक्या माणसाला वारा घालत होती. त्यांना फार वाईट वाटलं. आपण सगळ्यांच्या जिवाची काळजी केली, कोणी करत नव्हतं तेव्हा केली, आणि आपल्याला बिस्किटसुद्धा सगळ्यांत शेवटी मिळालं.

"या खात्यांना कोणी बोलावलं?" बालकल्याणच्या बाईंनी विचारलं. इतका वेळ त्या त्यांच्या खुर्चीवरून नुसत्या बघत होत्या.

"मी," जोखीमराव म्हणाले.

"कशासाठी?"

"धोका राहू नये म्हणून." त्यांनी खिशातून रुमाल काढला. "कोणाचंतरी बाळ आहे हो. त्याला काही झालं तर? मी रोज तेच बघतो. कुठेतरी काहीतरी होतं आणि मग मला जाऊन लिहावं लागतं की हे आधी कोणीतरी बघायला हवं होतं."

वारा घालायचं एकदम थांबलं. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. या वेळचं बघणं निराळं होतं, पण ते त्यांना दिसलं नाही, कारण ते रुमालात नाक शिंकरत होते.

बाई जरा मऊ झाल्या. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "पण आमच्याकडे दोनच गोष्टी बघायच्या असतात. खोली आणि बाई. खोली मी आल्याबरोबर बघितली. बाई मघापासून बघतेय."

काका आले ते गालाचा फुगा करून. तोंडात कापूस असल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं, हा त्या दिवसातला एकमेव दैवी योग. किल्ली देण्याआधी त्यांनी खिशातून कागद काढला आणि गजांतून आत सरकवला. किल्ली मिळाल्याची पोच हवी होती, दोघांच्या सहीची. सह्या झाल्या. कुलूप निघालं, गज बाजूला झाले. नियमाप्रमाणे अग्निशमनवाल्याने सर्वांत शेवटी जायचं असतं, आणि तो तसं म्हणालाही, पण तोंडावर याचना होती. "तुम्ही आधी," बायको म्हणाली. तो इतक्या चपळाईने बाहेर गेला की एक बूट आतच राहिला.

खिडकीखालच्या कुंड्या तुडवून सगळे अंगणात उभे राहिले. बालकल्याणच्या बाईंनी पदराला... ओढणीला म्हणू, नक्की काय होतं ते जोखीमरावांच्या लक्षात नाही, लागलेला चुना झटकला आणि सांगितलं, "परवानगी देते. अटी दोन. ती कुलुपं काढा. साधी कडी लावा, उंचावर. आणि दुसरं, कामाच्या वेळात मालकीणबाईंचे यजमान खोलीत येणार नाहीत."

जोखीमरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. "हे कुठल्या नियमात बसतं?"

"सुरक्षिततेच्या," बाई म्हणाल्या.

"योग्य आहे," अग्निशमनवाला म्हणाला.

"अगदी योग्य," सुरक्षावाला म्हणाला, मागे वळून न बघता. काकांनी तोंडातल्या कापसासकट मान डोलावली. इतकी खाती एका मुद्द्यावर एकत्र आलेली जोखीमरावांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

पहिल्या तारखेला त्यांनी ऑफिसातून रजा घेतली. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सकाळी ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. अट खोलीपुरती होती, रस्त्याला लागू नव्हती, हे त्यांनी नीट वाचून घेतलं होतं. सुताराने आदल्या दिवशी दोन्ही कुलुपं उपटून नेली होती आणि दारावर त्यांची भोकं तेवढी राहिली होती. आतून बायकोच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. ती गुणगुणते हे ते विसरूनच गेले होते.

नर्सबाई आल्या. अंगावर कामाचे कपडे, खांद्याला पिशवी, कडेवर बाळ, आणि डोळे सुजलेले. खोलीपाशी येऊन त्या थबकल्या. दाराकडे बघितलं, भोकांकडे बघितलं, बाळाला जास्तच घट्ट धरलं, आणि मग रस्त्यापलीकडे उभे असलेले जोखीमराव त्यांना दिसले.

"दादा," त्यांनी विचारलं, "ठेवू ना मी याला इथे? तुम्ही सांगा. तुमचं कामच आहे ते. काही धोका नाही ना?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपण होऊन त्यांचं मत विचारलं होतं. जोखीमरावांच्या तोंडात एकेक धोका येऊ लागला: पायरी आली, कडीची उंची आली, बोर्ड आला, पाण्याची बादली आली. बिजागऱ्याही आल्या. त्यांनी ते सगळं गिळलं. गिळताना त्रास झाला, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं.

"दार उघडंच आहे," ते म्हणाले. "नुसतं ढकला. ती आत आहे."